यादीत नाव नाही

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ऐन दिवाळीच्या आवराआवरीत, आणि आमच्याकडे त्या मुहूर्तावर माळ्यावरून जे काय खाली आलं त्यात पितळेचे डबे, जुने पडदे, एक बंद मिक्सर आणि २०१५ सालचा एक लॅपटॉप होता. तो थेट भंगारवाल्याच्या ढिगात गेला. मी म्हटलं, अहो थांबा जरा, चालू आहे तो. बॅटरी मेलेली होती मान्य, पण चार्जर लावला की सुरू व्हायचा, पाचव्या जनरेशनचा आय ५, चार जीबी रॅम, कीबोर्ड तर आत्ताच्या नव्या लॅपटॉपपेक्षा चांगला. त्याचा गुन्हा एवढाच की मधे एकदा स्क्रीनवर मेसेज आला की हा पीसी विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करत नाही, आणि तेवढ्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता हा जुना झाला. आदल्या दिवसापर्यंत तो फक्त स्लो होता. स्लो आणि जुना ह्यात फरक आहे, त्याच्यावर येतोच.

तर त्या अटी. एक गिगाहर्ट्झचा दोन कोरवाला ६४ बिट प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा. वाचून वाटतं अरे हे तर आपल्याकडे आहे की सगळं. मग खाली असतं टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय, तिच्यावर पुढे येतो) आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त अस्सल सॉफ्टवेअरच आत घेणं, आणि त्याच्याही पुढे एक यादी, की इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे, एएमडी असेल तर साधारण रायझन २००० पासून पुढचा. म्हणजे मतदार यादीसारखं झालं, माणूस ओळखपत्र घेऊन समोर उभा आहे, धडधाकट आहे, पण यादीत नाव नाही म्हटल्यावर विषय संपला.

आणि ती यादी नीट बघितली ना तर हसू येतं. २०१७ च्या सुरुवातीला आलेला आय ७ ७७०० के, चार कोर, ४.२ गिगाहर्ट्झ, त्या काळी लोकांनी गेमिंगसाठी हौसेने घेतलेला प्रोसेसर, तो यादीत नाही. आणि सेलेरॉन एन ४०२०, दोन कोरवाला, जो स्वस्तातल्या लॅपटॉपमधे असतो आणि क्रोममधे चार टॅब उघडले की ज्याला घाम फुटतो, तो आहे. बरं सातव्या जनरेशनचा एक प्रोसेसर नंतर आत घेतला, ७८२० एचक्यू, तोसुद्धा मोजक्याच मशीनसाठी, त्यात पहिलं नाव कुठलं तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २, जो तेव्हा ते अजून विकत होते. आता ह्यावर काय बोलणार.

मायक्रोसॉफ्टची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणत नाही. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची वेगळी तिजोरी, डिस्क एनक्रिप्ट केली तर त्याची किल्ली तिथे राहते, विंडोजला काही झालं तरी ती सहजासहजी चोरता येत नाही. शिवाय ११ मधे जे व्हर्च्युअलायझेशनवालं संरक्षण आहे ते जुन्या प्रोसेसरवर चालू केलं की मशीन दमतं, कारण त्यासाठी लागणारी सोय त्या चिपमधेच नसते. २०२१ मधे त्यांनी आकडेसुद्धा दिले होते, की अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल क्रॅश, म्हणजे विंडोजचा गाभाच कोसळणं, ५२ टक्के जास्त झाले. ठीक आहे. पण मग हे सरळ सांगा ना लोकांना. पहिल्यांदा जे तपासणीचं ॲप आणलं होतं ते फक्त नाही चालणार एवढंच सांगायचं, का नाही ते सांगायचंच नाही, शेवटी मागे घ्यावं लागलं. आणि कित्येकांच्या मशीनमधे टीपीएम होतं, फक्त बायोसमधे, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे, बंद होतं, इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी नावाखाली लपलेलं असतं. ते चालू केलं की झालं काम. पण बायोसमधे जाणार कोण, आपल्याकडे अजून लोकांना वाटतं तिथे काही दाबलं तर कॉम्प्युटर फुटतो.

बरं जायचं कसं त्या विंडोज ११ वर, तर पद्धती भरपूर आहेत आणि सगळ्यात गंमत म्हणजे एक तर मायक्रोसॉफ्टनेच सांगितली होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक लांबलचक नावाची नोंद करायची, की टीपीएम किंवा प्रोसेसर अटीतला नसला तरी अपग्रेड होऊ दे. त्यांच्याच सपोर्टच्या पानावर होतं हे, नंतर गुपचूप काढून टाकलं. दुसरी पद्धत म्हणजे सेटअप चालवताना पुढे प्रॉडक्ट सर्व्हर असं लिहायचं, मग सेटअपला वाटतं आपण विंडोज सर्व्हर टाकतोय, वर पाटीसुद्धा विंडोज सर्व्हरची लावतो तो, आणि सर्व्हरला त्या अटी तपासत नाहीत, त्यामुळे निमूटपणे साधं विंडोज ११ टाकून मोकळा होतो. हे पहिल्यांदा बघताना मला जो आनंद झालाय तो सांगून कळणार नाही.

पण रोजच्या वापरातलं म्हणाल तर रुफस. पीट बटार्ड नावाचा माणूस २०११ पासून हे सांभाळतोय, ज्यावरून विंडोज टाकता येईल असा पेनड्राइव्ह बनवायचं छोटंसं सॉफ्टवेअर, फुकट, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. त्याला विंडोज ११ चं आयएसओ, म्हणजे सगळं विंडोज भरलेली एक मोठी फाइल, दिलं की तोच विचारतो, टीपीएमची अट काढू का, ऑनलाइन अकाउंटची सक्ती काढू का, टिकमार्क करायचे, ओके म्हणायचं आणि चहा प्यायला जायचं. गल्लीतल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्या पोराकडे पण हाच असतो, तो विंडोज मारून द्यायचे पैसे घेतो एवढंच.

यादीबाहेरच्या मशीनवर सेटअप त्या रजिस्ट्रीच्या सरळ रस्त्याने चालवलं तर मधे एक सूचना येते, ती मला फार आवडते. तिच्यात म्हटलेलं असतं की ह्या पीसीला सपोर्ट मिळणार नाही, अपडेट मिळायचा हक्क राहणार नाही, आणि काही बिघडलं तर ते मॅन्युफॅक्चररच्या वॉरंटीत बसणार नाही. दहा वर्षांच्या लॅपटॉपची वॉरंटी! ज्या दुकानातून घेतला तिथे आता मोमोज मिळतात. अर्थात ॲक्सेप्ट.

आणि चाललं. चांगलं चाललं. फक्त आधी एक काम केलं होतं आणि खरं तर सगळी जादू त्या कामातच आहे, विंडोजमधे नाही. आतली ५४०० आरपीएमची फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली आणि रॅम चारची आठ केली. लोक ज्याला लॅपटॉप म्हातारा झाला म्हणतात ना, त्यात दहातली नऊ वेळा ती फिरणारी डिस्क असते, टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर बिचारा नुसता बसलेला. रॅम घेताना तेवढं बघायचं की पीसी ३ एल लिहिलंय का, त्या एलचा अर्थ १.३५ व्होल्टवर चालणारी, साधी डीडीआर ३ दीड व्होल्टची असते आणि ह्या लॅपटॉपला ती चालत नाही. लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड रॅम मागितली तर दुकानदारच आधी विचारेल, एल की साधी.

खरी हद्द कुठे आहे माहितीये का? २०२४ मधे विंडोज ११ चं जे २४ एच २ व्हर्जन आलं त्यात पहिल्यांदा अशी अट आली जी कुठल्याच युक्तीने टाळता येत नाही. एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट ह्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना आहेत, त्या चिपमधे नसतील तर विंडोज बूटच होत नाही. कोअर २ ड्युओ तिथे संपला. पण पहिल्या जनरेशनचा आय ७, २००८ चा, त्यात त्या आहेत. म्हणजे कागदावरची रेष २०१७ च्या आसपास आणि तांत्रिक रेष २००८ ला, मधली नऊ वर्षं जी आहेत त्यातली मशीन चालू शकतात पण चालवायची नाहीत अशी. कॅनालिस म्हणून कंपनी आहे, त्यांनी २०२३ च्या शेवटी अंदाज काढला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. आमचा एक त्यातून वजा करा.

आता एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगतो, हे सगळं स्वतःच्या मशीनवर करा, दुसऱ्याच्या नाही. नातेवाइकांच्या तर अजिबात नाही. कारण यादीत नसलेल्या मशीनला महिन्याचे सिक्युरिटी अपडेट येत राहतात (अजून तरी येतायत), पण वर्षाचं मोठं व्हर्जन आपणहून येतच नाही, ते परत आयएसओ उतरवून, परत रुफस करून हाताने टाकावं लागतं. स्वतःसाठी ते रविवारचं काम आहे. मावशीसाठी ते आयुष्यभराचं कॉन्ट्रॅक्ट आहे. एकदा का तुम्ही तिच्या लॅपटॉपला हात लावलात की पुढे प्रिंटर चालला नाही, पासवर्ड विसरला, लाइटबिल भरताना ओटीपी आला नाही, सगळ्याचे धनी तुम्हीच. "तू ते काहीतरी केलं होतंस ना, तेव्हापासून असं होतंय." ह्या वाक्यावर जगात उत्तर नाही.

म्हणून मावशीला मी लिनक्स मिंट दिलं, विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. त्यातलं एक्सएफसीई नावाच्या साध्या डेस्कटॉपवालं, हलकं असतं, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि त्याला तुमचा प्रोसेसर कितव्या जनरेशनचा ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. खाली डावीकडे मेनू, वर फायरफॉक्स, तिला यूट्यूबवर भजनं आणि रेसिप्या लागतात, भाच्यांचे फोटो बघायचे असतात, झालं. तिला अजून वाटतं हे नवीन विंडोजच आहे आणि मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही. मराठी टायपिंगची मला काळजी होती, पण कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट हा सरकारी लेआउट तर आहेच, शिवाय कगप नावाचा उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी लेआउट आधीपासूनच असतो, वेगळं काही डाउनलोड करावं लागलं नाही. इथे मात्र उलटं झालं, आता तीच मला फोन करून सांगते की अमुक अक्षर कसं काढायचं ते मला जमलं.

पण सगळीकडे नवीन टाकायची घाई करायची नसते हेही आहे. छपाईवाल्यांकडे कधी जाऊन बघा, लग्नपत्रिका, बिलबुकं करणारी छोटी दुकानं, तिथे अजून पेजमेकर ७ दिसेल, पानं मांडायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर, सोबत श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, मागे ते चालायला लागणारा यूएसबी लॉक लावलेला. वीस वर्षांच्या फाइली त्या जुन्या फॉन्टमधे पडलेल्या असतात आणि युनिकोडमधे नेताना जोडाक्षरं कुठेतरी घसरतातच. अशा माणसाला जाऊन तुमचं विंडोज जुनं झालं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. इंटरनेटची वायर काढून ठेवलेली बरी, एवढंच सांगतो. ज्यांना बँकेचं वगैरे काम करायचंय आणि ह्या भानगडीत पडायचं नाहीये त्यांच्यासाठी १० ची वाढीव मुदत आहे ती घ्या सरळ, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, तीस डॉलर भरून, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंगचा बॅकअप लावून फुकटात.

मॅकवाले हे सगळं वाचून हसत असतील, तर त्यांचं पण सांगतो. माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे २०१२ चा मॅकबुक प्रो आहे, तो जाडा, सीडी ड्राइव्हवाला, ज्यात रॅम आणि डिस्क स्क्रू काढून बदलता यायची. ॲपलने त्याला २०१९ च्या कॅटलिना नावाच्या मॅकओएसवर सोडून दिलं. हा मित्र ओपनकोअर लेगसी पॅचर, म्हणजे जुन्या मॅकवर नवीन मॅकओएस चालवायचं सॉफ्टवेअर, वापरून पुढची व्हर्जन टाकत बसतो, आणि त्याच्या मानाने आमचं विंडोजचं काम म्हणजे बालवाडी आहे. विंडोजमधे फक्त दारावरचा वॉचमन चुकवायचा असतो, आत गेलं की सगळं जागच्या जागी असतं. मॅकमधे आत गेल्यावर कळतं की तुमच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हरच त्यांनी काढून टाकलाय, मग जुन्या मॅकओएसमधला आणून परत बसवायचा, आणि दर अपडेटला तो पुसला जातो, परत पॅच मारायचा. सोनोमा व्हर्जनपासून जुन्या वाय-फाय कार्डांचा सपोर्ट पण गेला, म्हणजे इन्स्टॉल झाल्यावर पॅच मारेपर्यंत वाय-फाय नाही. नशिबाने त्या जाड्या मॅकबुकला नेटवर्कची वायर लावायला खाच आहे, नंतरच्या बारीक मॉडेलवाल्यांना त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो.

आता २०२५ मधे ॲपलने जाहीरच करून टाकलं की टाहो हे मॅकओएस इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटचं, आणि तेही मोजक्या तीन-चार मॉडेलना. त्याच्या पुढचं मॅकओएस फक्त त्यांच्या स्वतःच्या चिपसाठी, म्हणजे इंटेलला चालेल असा कोडच आत नसेल, मग पॅच करणार कशाला. मित्राला म्हटलं आता काय करशील रे. तर त्याने मिंटचा पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवलाय, आणि त्या मॅकबुकमधल्या ब्रॉडकॉमच्या वाय-फायला मिंटमधे वेगळा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो हे कळल्यापासून तर भलताच खूश आहे.