आधी तू हल, मग मी

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं हा आकडा म्हणजे सांगलीकरांचा पावसाळ्यातला स्कोअर. जुलै लागला की कोण कुणाला भेटलं तरी पहिलं वाक्य ‘किती झालं?’, कशाचं किती ते सांगावं लागत नाही. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरल्याचं कळलं की आमच्या गावभागातल्या गल्लीत लोक दारात येऊन उभे राहतात. नुसते उभे राहतात आणि एकमेकांच्या दाराकडं बघतात.

२०१९ च्या ऑगस्टमधे आम्ही असेच दोन दिवस उभे होतो. गल्लीतल्या एका भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण आहे, सगळ्यांचा हिशोब तिच्यावरच, त्यावेळी पुलाला ५३-५४ फूट झालं होतं म्हणजे यापेक्षा जास्त काय येतंय. आलं ५७ च्या वर. फ्रिज, गाद्या, माझी कॉलेजची पुस्तकं सगळं गेलं, आम्ही बोटीतनं बाहेर. आणि गंमत म्हणजे (आता गंमत वाटते, तेव्हा रडायला येत होतं) आमच्या मागच्या गल्लीतली बहुतेक घरं आदल्या दिवशी दुपारीच सामान माडीवर टाकून विश्रामबागला पाव्हण्यांकडं गेली होती. तीच नदी, तेवढीच उंची, तसलीच माणसं. मग त्यांना कळलं आणि आम्हाला का नाही?

लोक म्हणतात आमची गल्ली आळशी. मला ते पटत नाही. मी एमएस्सी फिजिक्स करून बँकेत कॅश मोजतो, त्यामुळं शिकलेलं फिजिक्स आता असल्याच विचारांना उपयोगी पडतं, आणि या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला मिळालं ते मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाकडं, १९७८ च्या त्याच्या पेपरात. त्याचं उदाहरण दंगलीचं आहे. समजा चौकात १०० माणसं आहेत आणि प्रत्येकाचा एक आकडा आहे, किती जणांनी दगड मारल्यावर मी मारणार. एकाचा आकडा ०, म्हणजे तो कुणाची वाट बघत नाही. दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. पहिल्यानं दगड मारला की दुसरा मारतो, मग तिसरा, आणि बघता बघता १०० च्या १०० दंगलखोर. आता यात एकच बदल करायचा, १ आकडा असलेल्या माणसाला काढून त्याच्या जागी २ वाला आणायचा. शून्यवाला दगड मारतो आणि थांबतं, कारण एका दगडावर उठणारं कुणीच उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या चौकाबद्दल येणार ‘माथेफिरू जमावाचा धुडगूस’ आणि दुसऱ्याबद्दल ‘एका माथेफिरूनं काच फोडली, नागरिकांनी संयम राखला’. दोन्ही जमावांत फरक फक्त एका माणसाचा, तोही एका आकड्याचा!

हे वाचल्यावर मी बराच वेळ आमच्या गल्लीचे आकडे मांडत बसलो. मागच्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांचा आकडा शून्य, ३५ फुटालाच बॅगा भरतात आणि सगळे हसतात. पण त्यांच्या शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं, ती पोरगी मास्तरांना बघून निघाली, तिला बघून तिची जाऊ, मग समोरचे. आमच्याकडं पण एक शून्यवाला आहे, सगळ्यांच्या आधी त्यानं गाडी हलवली होती. पण तो एकटा राहतो, तऱ्हेवाईक म्हणून प्रसिद्ध, त्याच्याकडं बघून कोण हलणार. आमच्यात १ वालाच नव्हता.

फिजिक्सवाल्यांना हे ओळखीचं वाटतं कारण लोखंडात असंच चालतं. अर्न्स्ट आयझिंगच्या नावानं एक मॉडेल आहे, १९२५ चा पेपर, त्यात प्रत्येक अणू म्हणजे एक बारका बाण, वर नाहीतर खाली, आणि तो शेजाऱ्यांचं बघून आपली दिशा ठरवतो. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की धुसफूस एवढी वाढते की कोण कुणाचं ऐकत नाही, चुंबकपणा जातो. खाली आलं की बाण हळूहळू एका बाजूला होतात. कुठल्या बाजूला, हे सुरुवातीच्या एखाद्या बारीक ढकलण्यावर ठरू शकतं. फक्त अणूला २००५ आठवत नाही. माणसाला आठवतं, आणि माझ्या मते माणसांची मॉडेल्स इथंच लंगडी पडतात.

बरं, बातमी तरी कुठनं येते? गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यात सगळे एकमेकांच्याच ओळखीचे, एकाला जे माहीत ते सगळ्यांना माहीत, तोच फोटो सात वेळा. याच ग्रॅनोव्हेटरचा त्याआधीचा, १९७३ चा एक पेपर आहे. बोस्टनजवळच्या एका गावात ओळखीनं नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, ज्याच्याकडनं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा, असं जेमतेम १७ टक्क्यांनी सांगितलं, बाकीच्यांना कधीमधी भेटणाऱ्यांकडनंच कळलेलं. घट्ट मैत्रीतनं तेच तेच फिरतं, नवीन काही येतं ते लांबच्या ओळखीतनं. २०२१ च्या जुलैमधे आमच्या आईला कराडहून एका बाईंचा फोन आला, कुठल्यातरी लग्नात ओळख झालेली, वर्षातनं एकदा बोलणं. ‘अहो वहिनी, इथं संगमावर पाणी बघवत नाही, तुम्ही आवरा बघू.’ कोयना आणि कृष्णा कराडला मिळतात, तिथं जे दिसतं ते नंतर आमच्याकडं येतंच. आईनं ग्रुपवर काही टाकलं नाही, तिला टाइप करायचा कंटाळा. ती सरळ गिरणीत गेली.

पिठाची गिरणी म्हणजे आमच्या गल्लीचं मिरज जंक्शन. मिरजेत कसं पुणं, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर सगळ्या लाइनी येऊन मिळतात, तसं गिरणीवाल्या काकांकडं गल्लीतलं प्रत्येक घर आठवड्यातनं एकदा डबा घेऊन येतंच. नेटवर्कमधे असली माणसं थोडी असतात आणि सगळं त्यांच्यातनं जातं. ती शोधायची कशी याची एक युक्ती आहे, २००३ मधे कोहेन, हावलिन वगैरे शास्त्रज्ञांनी लस कुणाला आधी द्यायची यासाठी मांडलेली. कुणाही दहा जणांना पकडायचं आणि त्यांना लस देत बसायचं नाही, त्यांना म्हणायचं तुझ्या ओळखीतला एक कोणीतरी सांग, आणि लस त्या सांगितलेल्याला द्यायची. कारण ज्याच्या ओळखी जास्त त्याचंच नाव पुढं यायची शक्यता जास्त. यादी नको, नकाशा नको. आमच्या गल्लीत विचारलं तर निम्मे लोक काकांचंच नाव घेतील.

आईचं ऐकून काकांनी त्या दिवशी दुपारी मोटर बंद करून गिरणीचा पट्टा उतरवला. बास. कुणाला काही सांगितलं नाही. डबा घेऊन आलेल्या बायका पट्टा काढलेली गिरणी बघून परत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत टेम्पोला जागा नव्हती. पुलाला त्या वर्षी ५५ च्या आसपास गेलं. आमचं नुकसान झालं, पण गाद्या वाचल्या.

हेच जंक्शन उलटं पण चालतं. नंतरच्या एका पावसाळ्यात ‘धरणाच्या भिंतीला तडा गेलाय’ असा फॉरवर्ड आला, काकांनी घाबरून पट्टा उतरवला आणि अर्धी गल्ली रात्री अकराला गाद्या डोक्यावर घेऊन रस्त्यात. पाणी ३८ लाच थांबलं. महिनाभर काकांना लोक ‘काय वो, पट्टा कुठाय’ म्हणून चिडवत होते. काका हसायचे, पण मला त्यांचा आकडा चढलेला दिसत होता. आणि त्यांचा चढला की सगळ्या गल्लीचा चढतो.

परवा दळण आणायला गेलो तेव्हा विचारलं, ‘काका, औंदा किती फुटाला पट्टा काढायचा?’

‘बघू की,’ म्हणाले, ‘मास्तर कधी निघतात ते सांग मला.’