न्यूयॉर्कचा पौंड ते यवतमाळचा क्विंटल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वेचणी सुरू झाली की घराघरात एकच खल चालतो: कापूस विकायचा की घरात भरून ठेवायचा? आमचा शेतकरी गट हा निर्णय एकत्र बसून घेतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. बाहेरच्या भावाकडे दुर्लक्ष करायची सोयच उरली नाही. न्यूयॉर्कच्या वायद्याचा, म्हणजे पुढे द्यायच्या मालाच्या आगाऊ सौद्याचा भाव रोज मोबाईलवर येऊन पडायचा, पण ‘एका पौंड वजनाला ७० सेंट’ म्हणजे आपल्या क्विंटलला किती, हे गटात कुणाला सांगता येईना. ते काम मी अंगावर घेतलं.

पौंडाचे किलो करणं हा यातला सोपा भाग. १९५९पासून एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो हे पक्कं ठरलेलं आहे. खरी अडचण अशी की कापसाच्या धंद्यात तीन ठिकाणी तीन वजनं चालतात आणि वस्तूही एकच नसते. न्यूयॉर्कचा भाव एक पौंड रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा. मुंबई-गुजरातच्या व्यापाऱ्यांचा भाव एका खंडीचा, तोही रुईचाच. आमचा भाव एका क्विंटलचा, पण तो सरकीसकट कापसाचा. मोबाईलवरची रूपांतराची पानं पौंड आणि किलो एवढंच जाणतात. खंडी तिथे सापडत नाही, आणि सरकी वेगळी काढायची असते हे ती कशी सांगणार?

खंडीचं कोडं उलगडून दिलं ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या एका दिवाणजी काकांनी. बातम्यांत खंडी ३५६ किलोंची सांगतात. मी विचारलं, “काका, हा असा अडनिडा आकडा कशाचा?” ते म्हणाले, “अरे बाबा, किलोत बघशील तर अडनिडाच दिसेल. पौंडात बघ. खंडी म्हणजे सात हंड्रेडवेट.” ब्रिटिश हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, त्याची सातपट ७८४ पौंड. मुंबईच्या जुन्या २८ पौंडी मणांनी मोजली तर बरोबर २८ मण. म्हणजे पौंडात हा आकडा नीट बसतो, किलोत तो ३५५.६२ होतो. आपल्याकडे दशमान वजनं १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली आणि तराजूवरचे पौंड-मण गेले, पण रुईच्या सौद्यात इंग्रजी वजनाने ठरलेली खंडी आजही ठाण मांडून आहे. आणि ३५६ की ३५५.६२ हा वाद पोकळ नाही. १७० किलोंच्या शंभर गाठींचा, ५० हजार रुपये खंडी दराचा सौदा असेल तर तेवढ्याने सुमारे अडीच हजार रुपयांचा फरक पडतो.

एकदा ७८४ कळल्यावर मधला रस्ता फारच सरळ झाला. सेंटचा भाव गुणिले ७.८४ गुणिले डॉलरचा दर, की खंडीचा भाव हातात. डॉलर ८५ रुपये धरला तर ७० सेंटची खंडी होते ४६,६४८ रुपयांची. किलो हवे असतील तर सत्तर सेंट म्हणजे साडेएकोणसाठ रुपये पौंड, आणि त्याला ०.४५३६ने भागलं की १३१ रुपये किलो रुई.

इथून पुढे वजनाचं गणित संपतं आणि उताऱ्याचं, म्हणजे क्विंटलभर कापसातून किती किलो रुई निघते त्याचं सुरू होतं. माझा बहुतेक वेळ गेला तो इथेच. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई, ६५ किलो सरकी आणि किलोभर घट असा हिशेब धरला, तर ३४ किलो रुईचे सुमारे ४,४६० रुपये येतात. सरकी ३२ रुपये किलो धरली तर तिचे २,०८०. बेरीज ६,५४०, त्यातून जिनिंगचा खर्च वजा. उतारा ३४ऐवजी ३६ निघाला तर रुईच्या अंगाने क्विंटलमागे २६२ रुपये वाढतात, सरकीच्या अंगाने ६४ कमी होतात. पौंडाचा आकडा कधी हलत नाही, डॉलर रोज थोडा हलतो, पण उतारा वाणाप्रमाणे, वेचणीप्रमाणे, ओलाव्याप्रमाणे बदलतो. म्हणून आता गटात पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेचणीचा नमुना वेगवेगळा काढून जिनिंगमध्ये उतारा बघून घेतो. माझ्या मते सगळ्या हिशेबात याहून मोलाची दुसरी पायरी नाही.

गाठींचे आकडे वाचतानाही हीच सावधगिरी लागते. अमेरिकी कृषी खात्याच्या अहवालातली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे २१७.७ किलोंची. आपली १७०ची. त्यांनी भारताचं पीक २ कोटी ४० लाख गाठी लिहिलं तर ते आपल्या हिशेबाने सुमारे ३ कोटी ७ लाख होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून “पीक पडलं, आता भाव चढणार” असं सांगणारे संदेश हंगामात फिरतात. त्यावर विसंबून कुणी माल अडवून ठेवला तर झळ त्याच्याच घराला बसते. एकरी उत्पन्नाचंही तसंच. अमेरिकेतले साडेआठशे पौंड हे रुईचे असतात, आपल्या सरकीसकट कापसात ते एकरी सव्वाअकरा क्विंटलच्या आसपास जातात.

जाता जाता दिसलं की पौंड आणि इंच या धंद्यात खोलवर मुरले आहेत. सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. आणि ज्या मायक्रोनेअरवर खरेदी केंद्रात आपला कापूस पास-नापास होतो, ते म्हणजे एक इंच लांबीच्या तंतूचं मायक्रोग्रॅममधलं वजन. दशमान आणि इंग्रजी, दोन्ही एकाच मापात.

वायद्याचा भाव म्हणजे गावातला भाव नव्हे. भाडं, प्रत, व्यापाऱ्याची गरज हे सगळं मध्ये येतं. तरी हा हिशेब उलटा चालवला की बैठकीतली चर्चा लगेच जमिनीवर येते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्यातून सरकीचे २,०८० वजा केले, उरलेल्या ६,०३०ला ३४ने भागलं, तर रुई १७७ रुपये किलो पडते. पौंडाला साधारण ८० रुपये, म्हणजे जवळजवळ ९५ सेंट. जिनिंगचा खर्च धरला तर त्याहून थोडं वरच. न्यूयॉर्क सत्तरीत असताना खासगी व्यापारी हमीभावाच्या वर जाईल, ही आशा कशावर धरायची? गटाने त्या बैठकीत ठरवलं की सगळ्यांनी हमीभावाच्या खरेदी केंद्रासाठी नोंदणी करायची, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर पीकपेरा चढलेला नव्हता त्यांची यादी तिथेच केली.