क्रेडिट कार्ड बंद करायला गेले आणि फीच गळ्यात पडली

आधी कामाचं सांगते. कार्ड बंद करा असं आपण कळवलं आणि काही देणं बाकी नसेल, तर बँकेला ते 7 कामाच्या दिवसांत बंद करावंच लागतं. उशीर केला तर दर दिवसाला 500 रुपये दंड, आणि तो आपल्याला मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्डांच्या निर्देशांत आहे हे. फक्त त्यातलं ‘देणं बाकी नसेल तर’ नीट वाचा, माझं घोडं तिथेच अडलं.

कार्ड हिंजवडीत ऑफिसखाली स्टॉल लावलेल्या मुलाकडून घेतलेलं. ‘लाइफटाइम फ्री मॅडम’, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तसं लिहूनही दिलं त्याने. (असले मेसेज कधीच डिलीट करू नका, पुढे तेच कामी आले.) दुसऱ्या वर्षी स्टेटमेंटमध्ये वार्षिक फी, वर जीएसटी. म्हटलं नकोच, बंद करू.

कस्टमर केअरला फोन केला की आधी गाणं, मग ‘का बंद करताय मॅडम?’, मग ‘अर्धी फी माफ करतो’, मग ‘लिमिट वाढवून देतो’. अहो, मला लिमिट नकोय, मला तुम्हीच नकोय! शेवटी सांगतात काय, तर फीची रक्कम ड्यू (म्हणजे देणं बाकी) दिसतेय, ती भरा, मग रिक्वेस्ट घेतो. म्हणजे जी फी मान्य नाही म्हणून बंद करतेय तीच भरल्याशिवाय बंद होणार नाही, आणि भरली नाही तर त्यावर लेट फी, व्याज, आणि सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिथला रेकॉर्ड खराब व्हायची भीती. कर्वे रोडच्या ब्रँचमध्ये गेले तर तिथली बाई कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाली, कार्ड डिपार्टमेंट वेगळं, इथे काही होत नाही, सही करून पोस्टाने पत्र पाठवा. पोस्टाने! त्याच निर्देशांत स्पष्ट लिहिलंय की पोस्टानेच पाठवा असा आग्रह धरायचा नाही, फोन, ईमेल, अ‍ॅप, वेबसाइट असे मार्ग ठेवायचे. हे तिला मोबाईलवर दाखवलं तर म्हणे ‘आमची प्रोसेस अशीच आहे.’ डोकंच फिरलं.

मग फोन बंद, सगळं ईमेलवर. एकाच ईमेलमध्ये दोन गोष्टी लिहिल्या: कार्ड बंद करा, आणि ही फी मला मान्य नाही. कार्ड देताना जो चार्ज स्पष्ट सांगितला नाही आणि ज्याला माझी संमती नाही तो लावता येत नाही, तेव्हा संमती कुठे घेतली ते दाखवा. बिलावर हरकत घेतली की 30 दिवसांच्या आत खुलासा, गरज असेल तर कागदपत्रंही द्यावी लागतात त्यांना. सोबत व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट. उत्तर आलं ते ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ टाइप, कागद एकही नाही. महिना उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार टाकली, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, पण आधी बँकेकडे केलेली तक्रार जोडावी लागते, नाहीतर ते घेत नाहीत. माहिती हवी असेल तर 14448 ला फोन करा.

आणि काय गंमत, मग बँकेचाच फोन! आवाजात साखर. ‘मॅडम, फी रिव्हर्स केली, कार्ड बंद करतोय, तक्रार मागे घेता का?’ म्हटलं आधी ईमेलवर लिहून पाठवा. पाठवलं एकदाचं. दिवसाला 500 रुपये दंडाचं मात्र अजून भांडण चालूय, त्यांचं म्हणणं तोपर्यंत ड्यू होता, माझं म्हणणं ड्यू मुळात खोटा होता. सोडणार नाहीये मी.

हो, राहिलंच, बंद करायच्या आधी महावितरणचं बिल, ओटीटी असलं जे काही त्या कार्डाला ऑटो पे लावलंय ते दुसरीकडे फिरवा. कार्डावर कॅशबॅकचे वगैरे पैसे शिल्लक असतील तर तेही बँक खात्यात मागून घ्या, तुमचेच आहेत ते. आणि बंद झाल्यावर 30 दिवसांत सिबिलला तशी नोंद जायला हवी, तेव्हा महिन्याने रिपोर्ट काढून बघा.