इनटेक-आउटपुटचा रकाना

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना ऑर्थोपेडिक वॉर्डमध्ये मला एक आजोबा सोपवले होते. वय ७८, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन दोन दिवसांनी. उत्सर्जनाचा धडा वर्गात नुकताच संपला होता. प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी होते, मूत्राशयात ४००-५०० मिली मावते, तासाला ३० मिलीच्या खाली गेली की लगेच कळवायचं, हे सगळं तोंडपाठ होतं.

पहिल्याच दिवशी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत आजोबांची लघवी भरली १५० मिली. रंग गडद, तपकिरीकडे झुकणारा, वासही उग्र. इनचार्ज सिस्टरना सांगायला गेले तर त्यांनी विचारलं, “आणि इनटेक?” म्हणजे पोटात पाणी किती गेलं. तो रकाना मी पाहिलाच नव्हता. सकाळपासून जेमतेम अर्धा ग्लास पाणी.

“आजोबा, तहान लागत नाही का?” मी विचारलं. ते बराच वेळ गप्प. मग पडद्याकडे बघत म्हणाले, “लागते गं पोरी. पण प्यालं की पुन्हा तुम्हाला हाक मारावी लागते.”

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. माणूस लाजेपायी तहान मारत होता. लघवी कमी होण्याची कितीतरी कारणं पुस्तकात होती, हे नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाकेची वाट पाहणं सोडलं. दर दोन तासांनी आपण होऊन जायचे, पडदा पूर्ण ओढायचे, युरिनल म्हणजे लघवीचं भांडं हातात द्यायचे, वर चादर टाकायचे आणि बाहेर थांबायचे. बेडपॅन, म्हणजे खाटेवरच शौचासाठी सरकवायचं भांडं, द्यायला सिस्टरनी शिकवलं. मोडलेल्या खुब्याला नेहमीचं उंच पॅन चालत नाही, एका बाजूने चपटं असलेलं फ्रॅक्चर पॅन लागतं. स्टीलचं पॅन कोमट पाण्याखाली धरून पुसून द्यायचं, कारण गार धातू लागला की अंग आखडतं. आजोबा डोक्यावरचा दांडा धरून चांगल्या पायाच्या जोरावर कंबर उचलायचे आणि मी पॅन सरकवायचे. मग खाटेची डोक्याची बाजू दुखणार नाही इतपत वर. “सपाट झोपून तुला तरी होईल का?” सिस्टर म्हणाल्या होत्या. खरंच, कसं होणार?

ऑपरेशनहून ते कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर काढणारी नळी, घालून आले. त्याच रात्री दोन तास युरोबॅगेत, म्हणजे नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीत, एक थेंब वाढला नाही. माझे हातपाय गार पडले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “आधी पोट बघ, मग नळी बघ.” बेंबीच्या खाली हात ठेवला तर तिथे गोल, टणक फुगवटा लागला. म्हणजे लघवी तयार होत होती, बाहेर पडत नव्हती. नळीवर बोट फिरवत गेले तर ती मांडीखाली दबून मुडपली होती. सरळ केली आणि बघता बघता ३५० मिली उतरली. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. जोड उगाच उघडायचा नाही. नळीला पीळ नको. हे नियम त्या रात्री अंगात भिनले. आणि रोजच्या राउंडला सिस्टर डॉक्टरांना का विचारतात, “कॅथेटर अजून लागणार आहे का?”, तेही कळलं. जितके दिवस नळी आत, तितकी संसर्गाची भीती जास्त.

माझी खरी चूक झाली ती पाचव्या दिवशी. सकाळपासून तीनदा चादरीला पातळ, पाण्यासारखा डाग. मी चार्टवर लिहिलं, ‘जुलाब ३ वेळा’, आणि बंद व्हायची गोळी लिहून घ्यावी असं सुचवलंही. सिस्टरनी एवढंच विचारलं, “घट्ट शौच शेवटचं कधी झालं?” चार्ट उलटत गेले. पाच दिवस काहीच नव्हतं. वेदना शमवायला ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गटातलं, आतडी मंदावणारं औषध चालू, हालचाल नाही, पाणी कमी. डॉक्टरांना कळवल्यावर त्यांनी ग्लोव्हज घालून, वंगण लावून बोटाने तपासलं: गुदाशयात दगडासारखा खडा. त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत होता. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली असती तर आजोबांचे हाल मीच वाढवले असते.

एनिमा द्यायला त्यांना डाव्या कुशीवर हवं होतं, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे वळतो आणि द्रव आपोआप आत उतरतो. खुब्यामुळे वळवायला तिघं लागलो, मधे उशी. थोडा खडा बोटाने काढावा लागला. तेवढा वेळ मी मनगट धरून नाडी मोजत होते, कारण त्या जागी दाब पडला की नाडी मंदावू शकते. आजोबांनी डोळे घट्ट मिटले होते. मी दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरून ठेवला. काम झाल्यावर त्यांनी जो सुस्कारा सोडला, तसा ऑपरेशननंतरही सोडला नव्हता.

पुढे रोज न्याहारीनंतर अर्ध्या तासात त्यांना कमोड खुर्चीवर बसवायचो. पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात, ती वेळ दवडायची नाही. कुंथायचं नाही, घाई नाही. शौचाचा प्रकार ब्रिस्टल चार्टवरून, म्हणजे शौचाचे सात प्रकार दाखवणाऱ्या तक्त्यावरून, लिहायचे. सातपैकी पहिला म्हणजे सुटे कडक खडे, तिसरा-चौथा चांगला. तिसऱ्या दिवशी मी ‘४’ लिहिला.

आठव्या दिवशी कॅथेटर काढला. नळी आत धरून ठेवणारा पाण्याचा फुगा सिरिंजने पूर्ण रिकामा करून, १० मिली पाणी परत आलं हे पाहून, मगच नळी बाहेर. त्यानंतर सहा ते आठ तासांत लघवी व्हायलाच हवी होती. चार तास गेले. पोटावर हात ठेवून बघत होते. झोपून होईना म्हणून वॉकर धरून, दोघांच्या आधाराने त्यांना उभं केलं, नळ सुरू केला, तोंड फिरवलं. पाच तास पुरे व्हायच्या आत २२० मिली झाली, फिकट पिवळी. पोट हाताला मऊ लागलं.

खाटेवर परत बसल्यावर आजोबांनी रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. “भर गं, पूर्ण भर.” त्यांचं पिऊन झाल्यावर मी इनटेकच्या रकान्यात २०० लिहिलं.