जीप ट्रेलरवर चढली, आता ओढायला पिकअप

ट्रेलरचं काम संपलं. डबल अ‍ॅक्सल, खाली चेकर्ड प्लेट, मागे दोन रॅम्प, पुढे जीप वर ओढायला हाताने फिरवायची विंच. पनवेलच्या शेडमध्ये तो जीप पाठीवर घेऊन उभा आहे, आणि ओढायला माझ्याकडे गाडी नाही. आतापर्यंत मित्रांच्या गाड्या मागून आणून निभावलं, पण दर वेळी कुणाच्या दारात किल्ली मागायला जायचं? एका वहिनींची अट तर ठरलेली आहे: रविवारी रात्री गाडी धुऊनच परत आली पाहिजे, चिखलासकट आणलीत तर पुढच्या वेळी नाही. तेव्हा ही नोंद पिकअप निवडण्याबद्दल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जीप म्हणजे महिंद्राची सीजे-३बी. २.२ लिटरचं पेट्रोल हरिकेन इंजिन, तीन गिअर, पाठीचे मणके मोजून देणारे पाटे. आपल्याकडची पहिली जीप १९४९ साली माझगावात जोडली गेली. माझी त्याच घराण्यातली, फक्त बरीच नंतरची. ओढ्यात, चिखलात ती राणी आहे. पण हायवेवर ऑफरोड टायरवर तिला कर्जत किंवा लोणावळ्यापर्यंत चालवत नेलं की पोचेपर्यंत माणूस अर्धा झालेला असतो. शिवाय तिथे काही तुटलं तर घरी यायचं कसं? म्हणून ट्रेलर.

गाडी बघायच्या आधी वजन केलं. याबाबतीत मी हट्टी आहे. ‘जीप असेल टनभर, ट्रेलर असेल अर्धा टन’ या हिशोबावर लोक पंचवीस-तीस लाखांची गाडी घेतात. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या बाजूला काटे आहेत, तिथे रिकामा ट्रेलर आणि मग जीपसकट ट्रेलर असं दोनदा चढवलं. ट्रेलर ५९० किलो. जीप ११८०, कारण रोलकेज (जीप उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा), पुढची विंच आणि जाड टायर कंपनीच्या वजनात नसतात. हायलिफ्ट जॅक, दोन जेरीकॅन, दोर, अवजारं मिळून आणखी ६० धरा. एकूण १८३० किलो.

ट्रेलरच्या नाकावरचं वजन, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक (कपलर) गाडीमागच्या जोडणीच्या (हिचच्या) बॉलवर जितकं दाबतं ते, मोठ्या काट्यावर नीट कळत नाही. ते शेडजवळच्या भंगारवाल्याकडे मोजलं. त्याच्याकडे गोणी तोलायचा सपाट काटा आहे, तीनशे किलोपर्यंतचा. त्यावर हिचच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा केला आणि जॉकी व्हील (नाकाखालचं टेकूचं चाक) हळूहळू वर घेत कपलर ठोकळ्यावर टेकवला. चाक जमिनीवरून सुटलं की काट्यावर दिसेल ते नाकाचं वजन. ट्रेलर सपाट उभा पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. भंगारवाला जरा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “शेठ, भंगारात देताय का?”

पहिला आकडा आला १२८. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा असतो, म्हणजे माझ्यासाठी १८० च्या जवळ. नाक हलकं राहिलं तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोलायला लागतो, आणि एकदा झोलायला लागला की स्टिअरिंगने आवरत नाही. जीप १५ सेंटीमीटर पुढे सरकवली तेव्हा काटा १७५ वर गेला. माझ्या ट्रेलरवर कपलरपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत साडेतीन मीटर आहेत. ११८० किलोची जीप १५ सेंटीमीटर सरकली तर नाकावर पन्नासेक किलो वाढायलाच हवेत, म्हणजे गणित जुळलं. आता पुढच्या चाकांसाठी प्लेटवर अँगल वेल्ड करून घेतलाय, म्हणजे दर वेळी जीप तिथेच थांबते.

आता हे पावणेदोनशे किलो पिकअपचं काय करतात ते बघा. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास सव्वा मीटर मागे असतो, व्हीलबेस ३.१ मीटर. वजन मागे लोंबतं, त्यामुळे पुढच्या चाकांवरून सत्तर किलो उचललं जातं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर अडीचशेच्या जवळ चढतं. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. आणि हे नाकाचं वजन गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं. मागच्या सीटवर दोन मित्र, हौद्यात बर्फाचा डबा आणि तंबू टाकलात की ‘लाइफस्टाइल’ पिकअपची कागदावरची क्षमता बघता बघता संपते. गाडी किती ओढेल हे सगळे विचारतात, किती उचलेल हे फार कमी जण विचारतात.

आपल्यातले बरेच जण अमेरिकन व्हिडिओ बघून या नादाला लागले. मीही त्यातलाच. रॅम २५०० मधलं ६.७ लिटरचं कमिन्स, फोर्ड एफ-२५० चं ६.७ चं पॉवर स्ट्रोक, शेव्हीचं ६.६ चं ड्युरामॅक्स. तिकडे खरी हेवी ड्यूटी पिकअप म्हणजे हीच मंडळी. आपल्याकडे त्या कंपन्या विकत नाहीत, आणि एफ-२५० क्रू कॅब सव्वासहा मीटरहून लांब असते. ती मुलुंडच्या गल्लीत वळवायची म्हटली तर सोसायटीची मीटिंग बोलवावी लागेल. पण त्या गाड्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती हॉर्सपॉवर नाही. त्या तिन्ही डिझेलना एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बो एक्झॉस्टची वाट आवळतो, इंजिन गुदमरतं आणि उतारावर गाडीला मागे धरतं.

डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटल प्लेट हवा अडवत नाही, त्यामुळे पाय काढल्यावर ते पेट्रोलइतकं धरत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक नाही. आता बोर घाट डोळ्यांसमोर आणा. लोणावळा सव्वासहाशे मीटरवर, खोपोली साठेक मीटरवर. पिकअप, माणसं आणि ट्रेलर धरून माझा सगळा लवाजमा ४१०० किलोचा होतो. शंभर मीटरला सहा मीटर असा उतार आणि ताशी ४० चा वेग धरला तर सुमारे २७ किलोवॅट ताकद सतत कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे घरातले तेरा गिझर एकदम चालू ठेवल्यावर होईल तेवढी उष्णता. थोडी इंजिनात आणि टायरमध्ये जाते, बाकीची ब्रेकमध्ये. आपल्याकडच्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या दोन्ही पिकअपना मागे ड्रम ब्रेक आहेत, जे डिस्कइतके लवकर निवत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

हाच आकडा उलटा वाचला तर चढाला लागतात फक्त ३६ हॉर्सपॉवर, वर घर्षणाचे आठ-दहा. म्हणजे चढाची भीती उगाच. ७५ हॉर्सपॉवरची बोलेरो कॅम्परसुद्धा हे वजन कुरकुरत का होईना, वर नेईल. खाली आणताना मात्र खरी परीक्षा.

म्हणून गाड्या घाट उतरूनच तपासल्या. शोरूमवाले ट्रेलर लावून टेस्ट ड्राइव्ह देत नाहीत, तेव्हा मित्रांच्याच गाड्या. जुन्या हायवेने खंडाळ्याहून उतरायचं, शिंगरोबाच्या देवळापाशी जागा बघून थांबायचं, नाणं टाकायचं आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन चाकांभोवती एक फेरी मारायची.

व्ही-क्रॉस १.९, मॅन्युअल, फोर बाय फोर. १६३ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), ३६० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. दुसऱ्या गिअरमध्ये ती बऱ्यापैकी धरते, मध्येमध्ये ब्रेक दाबून सोडावा लागतो. क्लच जड आहे. ट्रॅफिकमध्ये, ट्रेलर मागे असताना, ऐरोलीच्या पुलावर पाय भरून येतो.

हायलक्स २.८, ऑटोमॅटिक. २०४ पीएस, ५०० न्यूटन मीटर. चढाला ट्रेलर मागे आहे हे विसरायला होतं, आणि मला तेच आवडलं नाही. उताराला गिअर हाताने खाली घ्यायला विसरलात तर गिअरबॉक्स आपला वरच्या गिअरला सरकतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल हायलक्समध्ये टॉर्क ४२० आहे, कामाला पुरून उरतो. गाडी दणकट, यात वाद नाही. पण वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात १५ टक्के रोड टॅक्स, आणि गाडी जितकी महाग तितका तो फुगतो.

जुनी २.५ ची व्ही-क्रॉसही पाहिली. १३४ हॉर्सपॉवर, पाच गिअर, गाडी साधी, मेकॅनिकला पटकन कळणारी. मिळालेल्या गाडीच्या चासीवर मागे वेल्डिंगचे डाग होते. कुणीतरी हिच वेल्ड करून काढली असावी. सोडून दिली. शिडीच्या चासीला हिच बोल्टनेच बसवावी, आधीच्या भोकांत, १०.९ ग्रेडच्या बोल्टने. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद बदलतं आणि तडा बरोबर कडेला जातो.

बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा क्रू कॅब कागदावर स्वस्त आणि मस्त. पण मालवाहू म्हणून पिवळी पाटी, म्हणजे पासिंगच्या फेऱ्या: नव्या गाडीला दोन वर्षांनी, मग आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरसाल. आणि शहरात जिथे मालवाहू गाड्यांना बंदी तिथे आपणही बंदीत. कोस्टल रोड हे सरळ उदाहरण. तिथे ट्रेलरलाही मनाई आहे, त्यामुळे दक्षिण मुंबईत कुणी ट्रेलर घेऊन निघणार असेल तर रस्ता आधी बघा.

घाटाच्या फेऱ्यांमधून सगळ्यात कामाची गोष्ट कळली ती पिकअपबद्दल नव्हतीच. शिंगरोबापाशी ट्रेलरचा डावा ड्रम हात लावू देईना आणि उजवा जेमतेम कोमट होता. म्हणजे ब्रेक एकाच बाजूने काम करत होता, केबलचा ताण समान नव्हता. माझ्या ट्रेलरवर ओव्हररन ब्रेक आहे: गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलर आत जातो, केबल ओढली जाते. सपाट रस्त्यावर उत्तम. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत ढकलतच असतो, म्हणजे ब्रेक सतत घासतोय, आणि ते तुमच्या हातात नाही. केबल समान केल्यावर दोन्ही बाजू सारख्या तापल्या, पण तापल्या त्या तापल्याच. म्हणून ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक लावायचं ठरवलं. डॅशबोर्डखाली कंट्रोलर, ट्रेलरचे ब्रेक किती लागावेत ते मी ठरवणार, आणि झोल सुरू झालाच तर फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबून तो सरळ करता येतो.

एकदा हे ठरलं आणि गाडीचा निर्णय सोपा झाला. बाकीची चाळणी मुंबईने लावली. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास. आमच्या सोसायटीच्या पझल पार्किंगच्या पाटावर दोन्ही बसत नाहीत, खाली उघड्यावरची एक जागा कशीबशी मिळाली. तिथे गाडी आत घ्यायची म्हणजे पुढे-मागे करणं आलंच. शिवाय आठवडाभर हीच गाडी ऑफिसला जाणार, कांजूरच्या ट्रॅफिकमध्ये रांगत. डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, असं रांगणं मानवत नाही, काजळी जाळायला त्याला मोकळ्या रस्त्यावर सलग धावावं लागतं. शनिवारी पनवेल आणि घाट होतोच, तेवढं पुरावं.

तेव्हा व्ही-क्रॉस १.९, फोर बाय फोर, मॅन्युअल. हायलक्सपेक्षा वाचलेले पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर. फोर बाय फोर का, तर ओढ्याकाठी मातीत ट्रेलर मागे घेताना लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) लावली की क्लच जळत नाही. डांबरावर लावू नका, अर्धवेळ फोर बाय फोर आहे, ट्रान्समिशन आखडतं. लायसनची चिंता नको: ७५०० किलोपर्यंत साधं हलक्या वाहनाचं (एलएमव्ही) लायसन चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलं. ट्रेलरची नोंदणी मात्र वेगळी, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे. विम्यात ट्रेलरची नोंद करून घ्या, टोचन केलेल्या गाडीचं लफडं क्लेमच्या वेळीच बाहेर येतं.

बुकिंग झालं आहे. हिचचा ब्रॅकेट कळंबोलीत कापायला दिलाय, बॉल ५० मिलिमीटरचा. बाहेरून मागवणाऱ्यांनी इथे सांभाळा. दोन इंची बॉल ५०.८ चा असतो, आणि ५० च्या कपलरमध्ये तो बसल्यासारखा वाटतो, बसत नाही. पुढे सात पिनच्या प्लगची वायरिंग आणि कंट्रोलर. व्ही-क्रॉसमध्ये ब्रेक कंट्रोलरसाठी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर कुणी आणली असेल तर कुठल्या ग्रॉमेटमधून (भोकातल्या रबरी बुचातून) आणलीत ते कळवा. क्लच पेडलच्या वरचा मला दिसतोय, पण तिथून हात जात नाही.