सहावी दाढ

मंगळवार, रात्री साडेदहा

आज विद्यापीठाच्या विस्तार उपक्रमातली, दातांची काळजी शिकवायला शाळेला दिलेली पहिली भेट. दुसरीचा वर्ग, 43 मुलं. सकाळी-रात्री, दोन-दोन मिनिटं दात घासायचे, हे त्यांना पाठच होतं. एका सुरात म्हणून दाखवलं. मग मी तक्ता गुंडाळला आणि म्हटलं, जिभेने आपापले दात मोजा. मधल्या दातापासून मागे. पडलेल्या दाताची जागासुद्धा मोजायची हं! वर्गभर फुगलेले गाल, छताकडे लागलेले डोळे. कुणाचे पाच भरले, बऱ्याच जणांचे सहा.

"तो सहावा आहे ना, ती तुमची पहिली पक्की दाढ."

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "ताई, माझी तर काळी झालीय. पण आई म्हणते दुधाची आहे, पडेल."

टॉर्च लावून पाहिलं. खाली उजवीकडे, मधल्या खाचेत खड्डा. "ही नाही पडणार गं," म्हणताना माझाच आवाज खाली गेला.

आईचं तरी काय चुकलं? ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, मग लक्ष जाणार कसं? त्यात खाचा खोल, आवरण अजून कोवळं, आणि वर येत असताना शेजारच्या दातांपेक्षा बुटकी, म्हणून ब्रश वरूनच सरकून जातो. वेळेत दिसली तर सीलंटने, म्हणजे दातावर बसवायच्या पातळ लेपाने, खाचा बुजवता येतात. हे सगळं आम्ही परीक्षेत लिहितो, आणि शाळेत नेतो तो हसऱ्या दाताचा तक्ता. मला आज त्या तक्त्याची चीड आली.

मग उरलेला सगळा तास त्या एकाच दाढेला दिला. ब्रश गालाकडून आडवा आत घालून तिथपर्यंत कसा न्यायचा, ते प्रत्येकाकडून नमुन्यावर करून घेतलं. एकाने विचारलं, खूप घासलं तर काळं जाईल का? नाही रे. नुसता पांढरट डाग असेल तर फ्लोराइडच्या पेस्टने थांबू शकतो. खड्डा पडला की दंतवैद्याकडेच जायला हवं.

टॉर्चने सगळ्यांचीच ती दाढ पाहिली; नऊ जणांची किडलेली निघाली. निघताना वर्गाच्या बाईंकडे त्यांच्या पालकांसाठी चिठ्ठ्या दिल्या. अहवालात रकाना एकच आहे, 'लाभार्थी संख्या'. तिथे 43 लिहिलं. खाली, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात: नऊ मुलांच्या पक्क्या दाढेत कीड, पालकसभेच्या दिवशी पुन्हा जाण्याची परवानगी हवी.