सोलर स्वतः बसवावं का, आणि पुढं वाढवता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मंडईत, लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की हा प्रश्न येतोच: "मॅडम, तुम्ही घरचं सोलर स्वतः बसवलंत म्हणे. आम्हाला जमेल का? आणि आत्ता छोटं बसवून पुढं वाढवलं तर चालतं का?" उभ्याउभ्या याचं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा बसून सविस्तर सांगते.

मी कराडची. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवण्यात नोकरी गेली. आमच्या छतावर २०२० मध्ये ३३० वॉटची सहा पॉली पॅनेल लागली, म्हणजे जवळपास दोन किलोवॉट. २०२३ मध्ये त्यात ५४० वॉटची चार मोनो पॅनेल वाढवली (पॉली आणि मोनो हे पॅनेलचे दोन प्रकार). बॅटरी नाही. सगळं महावितरणच्या लाईनला जोडलेलं, नेट मीटरवर चालणारं, म्हणजे लाईनवरून घेतलेली आणि लाईनवर दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर.

आता "स्वतः" म्हणजे किती, ते आधी सांगते, कारण इथंच गैरसमज होतो. घराची वीज मोजणं, पॅनेलची मांडणी ठरवणं, स्ट्रक्चर, पॅनेल चढवणं, छतावरची डीसी वायरिंग (पॅनेलमधून निघते ती एकाच दिशेची वीज), हे मी आणि माझ्या मुलानं केलं. एसी बाजू (इन्व्हर्टर त्या डीसीची घरात चालणारी वीज करतो, ती), मीटरपर्यंतची जोडणी आणि टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं केला. तो माझाच जुना विद्यार्थी. "मॅडम, इथून पुढचं माझ्यावर सोडा," म्हणाला आणि मी सोडलं. त्याच्या सहीशिवाय नेट मीटर मिळत नाही, आणि मिळूही नये.

काही जण हळूच विचारतात की परवानगी न काढताच इन्व्हर्टर घरच्या बोर्डात जोडला तर काय होतं. दोन गोष्टी होतात. बऱ्याच साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरना विजेची दिशा ओळखता येत नाही. तुम्ही लाईनवर पाठवलेलं युनिट ते वापरात धरतात, म्हणजे आपलीच वीज देऊन वर तिचं बिल भरायचं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लाईट गेलेली असताना खांबावर लाईनमन चढलेला असतो. आपल्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणूनच ग्रिडवरच्या, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेल्या, इन्व्हर्टरला आयएस १६१६९ या भारतीय मानकाची चाचणी पास व्हावी लागते: लाईन गेली की त्यानं स्वतःहून बंद पडायचं. अशी चाचणी झालेला इन्व्हर्टर आणि रीतसर मंजुरी, या दोन गोष्टींत तडजोड नाही.

"मग लाईट गेल्यावर सोलर चालत नाही?" नाही. भर उन्हात, दहा पॅनेल तळपत असतानाही चालत नाही. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, म्हणून पैसे भरायच्या आधीच सांगते. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते आणि खर्च बराच वाढतो. आम्ही पंखे-दिव्यांसाठी सोलरशी न जोडलेला, बॅटरीवरचा जुना घरगुती इन्व्हर्टर तसाच ठेवलाय.

छतावरच्या कामात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डीसीची. पॅनेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर ते वीज देणारच. आमची सहा पॅनेल एका माळेत, म्हणजे एकापुढं एक जोडलेली आहेत. एकेकाचा ओपन सर्किट (काही न जोडता मोजलेला) व्होल्टेज सुमारे ४६, म्हणजे माळेचा २७६. थंडीत हा आकडा चढतो. डिसेंबरात पहाटे दहा अंशांवर तो २९० च्या आसपास जातो. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा बघताना हा थंडीचा आकडा धरायचा, पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत ती संधी नसते. पेटलेली ठिणगी पेटतीच राहते.

ही ठिणगी पडते कुठं, तर बहुतेक वेळा पॅनेलच्या केबल एकमेकींना जोडणाऱ्या एमसीफोर कनेक्टरमध्ये. बोटाएवढी वस्तू. चार चौरस मिमीच्या सोलर केबलचं टोक सोलायचं, तांब्याचा एकही धागा बाहेर न ठेवता पिनमध्ये घालायचं आणि रॅचेटवाल्या क्रिम्पिंग टूलनं दाबायचं. साध्या पकडीनं चेपलेली पिन वरून ठीक दिसते, आत सैल असते. पिन कनेक्टरच्या खोबणीत सरकली की 'टक्' असा आवाज येतो. मग केबल हातानं ओढून बघायची. शेवटी मागचं नट पान्यानं आवळायचं, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत शिरतं. एका नातेवाइकांच्या छतावर एका ठेकेदारानं एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली होती. बसली होती घट्ट, पण दुपारी त्या जोडाला हात लावला तर चटका बसला आणि प्लास्टिक तपकिरी पडलेलं. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असायलाच हव्यात. आणि चालू माळेतला जोड कधीही ओढून सोडवायचा नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी तोडणारा स्विच) बंद, मग कनेक्टर.

दुसरं, स्ट्रक्चर. लोक विचारतात, स्लॅबला वजन पेलेल का? ५४० वॉटचं पॅनेल २८ किलोच्या आसपास असतं. चार पॅनेलचं ओझं चांगल्या स्लॅबला काहीच नाही. विचार करायचा तो वाऱ्याचा. आयएस ८७५ या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात जातो. एक पॅनेल अडीच चौरस मीटरचं, चार मिळून दहा. म्हणजे जे ओझं तुम्ही मोजत बसता, त्याच्या कित्येक पट जोर ते वर उचलायला लागू शकतो. वळवाच्या पावसाआधी आमच्याकडं जी वावटळ सुटते ती पत्रे उडवते हे आपण दरवर्षी बघतो. म्हणून गॅल्व्हनाइज्ड पाइप, काँक्रीटचे नीट बांधलेले पेडेस्टल (पाइपच्या पायांखालचे ओटे), आणि स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगला कुठं धक्का लागला तर तिथलं काम लगेच पूर्ण करायचं. सुट्या विटांवर किंवा नुसत्या वजनावर टेकवलेलं स्ट्रक्चर मी कुणालाही सुचवणार नाही.

जागा बघायची ती डिसेंबरात. त्या महिन्यात सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो आणि टाकीची, जिन्याच्या खोलीची सावली उत्तरेकडं लांबवर पडते. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, अशा वेळी खडूनं स्लॅबवर खुणा करा. जूनमध्ये आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, सावली दक्षिणेला पडते, पण तेव्हा ढगच असतात, त्याची फिकीर नको.

आता वाढवण्याबद्दल.

वाढवता येतं. पण पहिल्या वेळी जे पॅनेल घेतलं ते तीन वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. आम्हाला ३३० ची पॉली मिळाली नाहीत, आणि मिळाली असती तरी घेतली नसती. जुन्या पॅनेलचा प्रवाह नऊ अँपिअरच्या खाली, नव्या ५४० चा तेराच्या आसपास. दोन्ही एका माळेत ओवली तर सगळी माळ सर्वांत कमी प्रवाहाच्या पॅनेलच्या चालीनं चालते, बैलगाडीच्या मागं मोटार अडकावी तशी. शिवाय जुन्या इन्व्हर्टरच्या इनपुटला साडेबारा अँपिअरची मर्यादा असणं सर्रास आहे. म्हणून नव्या चार पॅनेलना मी वेगळा दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर दिला आणि दोन्हींचा एसी एका बॉक्समध्ये एकत्र केला. एक बंद पडला तरी दुसरा चालतो, हा त्यातला फायदा मला फार मोलाचा वाटतो. फक्त चारच पॅनेलची माळ असेल तर इन्व्हर्टर किती कमी व्होल्टेजवर सुरू होतो ते तपासा. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की चारांचा कामाचा व्होल्टेज १६६ वरून १४० च्या आसपास उतरतो.

पुढं वाढवायचं मनात असेल तर पहिल्याच दिवशी एका गोष्टीवर पैसे घाला: छतापासून मीटरपर्यंतची एसी केबल. दोन किलोवॉटला बारीक केबल चालून जाते, त्यामुळे तीच टाकली जाते. पण आपण लाईनवर वीज ढकलतो तेव्हा केबलमधल्या विरोधामुळं इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज वाढतो. तीस मीटर अंतर आणि वीस अँपिअर प्रवाह धरला तर चार चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमध्ये साडेपाच-सहा व्होल्ट चढतात, दहा चौरस मिमीच्या केबलमध्ये सव्वादोन. रविवारी दुपारी आळीत वापर कमी असतो, ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर लाईनचाच व्होल्टेज २५० च्या वर गेलेला. त्यात हे सहा व्होल्ट पडले की इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दाखवून बंद पडतो, काही मिनिटांनी परत लागतो, परत बंद पडतो. नेमकी भर उन्हाची वेळ अशी जाते. लोक इन्व्हर्टर बदलायला धावतात. आधी मल्टीमीटर घेऊन इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी व्होल्टेज मोजा. दोन्हीत फरक जास्त असेल तर केबल बदला, दोन्हीकडं सारखाच चढा असेल तर महावितरणकडं लेखी अर्ज द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज उतरवता येतो.

कागदांचं थोडक्यात. सोलरची क्षमता मंजूर भाराच्या (महावितरणनं तुमच्या जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॉटच्या) आत असावी लागते, म्हणून आम्ही आधी भार वाढवून घेतला, मग वाढीव सोलरचा अर्ज. परस्पर पॅनेल वाढवू नका. २०२४ पासून केंद्राच्या नियमानुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीविना मंजूर धरतात, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

किती वाढवायचं, याचं उत्तर छत किती मोकळं आहे त्यावर अजिबात नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभर युनिटांपर्यंत स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, त्यापुढं आणखी महाग. सोलरचं पहिलं युनिट तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातलं युनिट पुसतं. पुढचं त्याहून स्वस्त. आणि वर्षाअखेर, ३१ मार्चला, जे युनिट उरतं त्याला आपण वीज घेतो त्या दराच्या मानानं कमी पैसे मिळतात. म्हणजे पहिला किलोवॉट सर्वांत कमावता, शेवटचा सर्वांत कमी. आमच्या घरात दोन इलेक्ट्रिक स्कूटर आल्या, स्वयंपाक बराचसा इंडक्शनवर गेला, सासूबाईंच्या खोलीत एअर कंडिशनर बसला, तेव्हा वाढवलं. कुणीतरी "जागा पडूनच आहे, भरून टाका" म्हणतं म्हणून वाढवू नका. आपल्या भागात एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारएक युनिट देतो. जुलै-ऑगस्टात निम्म्यावर येतो, आणि ती तूट उन्हाळ्यातल्या शिलकीतून भरून निघते.

नेट मीटर लागल्यावर पहिल्याच बिलाला फोन येतात: "अॅपवर २४० युनिट दिसतात, बिलात एक्सपोर्ट (लाईनवर दिलेली वीज) १४०च. शंभर गेले कुठं?" ते तुम्हीच दिवसा वापरले. ते मीटरपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून बिलात दिसत नाहीत. एवढं कळलं की पंप, वॉशिंग मशीन, स्कूटरचं चार्जिंग दुपारी न्यायची सवय आपोआप लागते.

आमच्या कराड-सांगली पट्ट्यात धुळीपेक्षा त्रास काजळीचा. गळीत हंगामात उसाचा पाला पेटवतात, कारखान्याची राख उडते, आणि काळ्या चिंध्या पॅनेलवर चिकटतात. सकाळी पॅनेल थंड असताना मऊ पोछा आणि साधं पाणी पुरतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लगेच पुसून घ्या, पांढरे डाग बसले की निघत नाहीत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

माझा भाचा स्टुटगार्टला असतो. त्यानं बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल टांगली, ८०० वॉटचा छोटा इन्व्हर्टर भिंतीतल्या प्लगला लावला, सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद केली आणि झालं. जर्मनीत मे २०२४ पासून याची पद्धत फार सोपी केलीय. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही त्यामुळं सोलर मिळतं. असं काही आपल्याकडं यावं असं मला मनापासून वाटतं.

तर तुम्हाला जमेल का? वायरिंगचा हात असेल आणि उंचीवर दोर बांधून काम करायची तयारी असेल तर जमेल. पण २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून, भारतीय बनावटीच्या पॅनेलवरच मिळतं. स्वतः बसवून मजुरीत एवढे पैसे वाचणं कठीण. म्हणून आज नव्यानं सुरू करणाऱ्याला माझा सल्ला असा: बसवू दे विक्रेत्याला, पण मोजमाप तुमचं असू दे. केबलची जाडी, कनेक्टरची कंपनी, डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणारा) यांची वेगवेगळी अर्थिंग, पेडेस्टल, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. क्रिम्पिंग चालू असताना छतावर हजर राहा आणि दोनचार जोड स्वतः ओढून बघा. शेवटचा हप्ता अर्थिंग मोजून झाल्यावर द्या.

आणि माझ्याकडं विचारायला येणार असाल तर जरूर या. येताना फक्त बारा महिन्यांची लाईट बिलं आणि डिसेंबरात खडूच्या खुणा केलेल्या छताचे फोटो घेऊन या.